कॅन्सरच्या रुग्णाला मालिश: रिपोर्ट पाहण्यापासून तळव्याचं तेल पुसण्यापर्यंत

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मालिशचं कौतुक कुणाला सांगायला नको. बाळंतिणीला, तान्ह्या बाळाला, नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्या घराला, आणि पौषातल्या गारठ्यात म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना तेलाचा हात लागतोच. पण घरात कॅन्सरचं निदान झालं की दोन टोकं दिसतात. काही घरांत ‘चोळलं की गाठ पसरते’ या भीतीने माणसं रुग्णाला हात लावायचंच सोडतात. काही घरांत कुणीतरी आपुलकीने एखादी दणकट मालिशवाली किंवा हाडं बसवणारा पहिलवान घेऊन येतं, ‘अंग मोकळं होईल’ म्हणून. पहिल्यात रुग्ण एकटा पडतो, दुसऱ्यात त्याला खरीखुरी इजा होऊ शकते.

आपल्याकडे चांगली मालिश म्हणजे जोराची मालिश. या लेखापुरतं तरी ते समीकरण मनातून काढून टाका. कॅन्सरच्या रुग्णासाठी जोर जवळजवळ शून्य हवा आणि आधीची चौकशी भरपूर हवी. ही चौकशीच मी जास्त विस्ताराने सांगणार आहे, कारण हात फिरवणं कुणालाही जमतं.

आधी ती भीती. कॅन्सर पसरतो तो त्याच्या पेशींच्या स्वभावामुळे. रक्ताभिसरण थोडं वाढल्याने तो पसरत असता, तर रुग्णाला घरातल्या घरात चालायलाही बंदी करावी लागली असती. उलट डॉक्टर चाला म्हणून सांगतात. हलक्या मालिशने कॅन्सर पसरतो असा पुरावा नाही. पण प्रत्यक्ष गाठीवर किंवा गाठ असलेल्या भागावर दाब द्यायचा नाही, हे मात्र पक्कं. आणि कॅन्सर हा संसर्गजन्य आजार नाही, स्पर्शाने तो कुणाला होत नाही. एवढं शिकलेल्या घरांतही हे पुन्हा सांगावं लागतं, म्हणून सांगते.

फायदा किती? न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर रुग्णालयात १२९० रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मालिशनंतर वेदना, थकवा, मळमळ, चिंता यांची तीव्रता सरासरी निम्म्यावर आली होती. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून तो आकडा जपूनच घ्यायचा. २००८ मध्ये कॅन्सर पुढे गेलेल्या ३८० रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात तुलना होती: निम्म्यांना मालिश, निम्म्यांच्या अंगावर नुसते हात ठेवणं. मालिशचा तात्काळ आराम जास्त होता, पण नुसत्या हात ठेवण्यानेही माणसांना बरं वाटलं होतं. घरच्या माणसांसाठी हे फार मोलाचं आहे. २०२२ साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थांनी वेदनांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांनंतर रेंगाळणाऱ्या दुखण्यासाठी आणि उपशामक काळजीतल्या (आजार बरा होण्यापलीकडे गेल्यावरही त्रास कमी करणाऱ्या) वेदनांसाठी मालिशला जागा दिली आहे. मालिशने कॅन्सर बरा होत नाही आणि ती औषधाच्या जागी येत नाही. तिचं काम आरामाचं.

पहिली पायरी: फाइल उघडा

केमोच्या प्रत्येक फेरीआधी रक्ताची तपासणी होते, त्यामुळे सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, ताजा कागद घरात असतोच. उपचार इथल्या कॅन्सर पहाडियावरच्या रुग्णालयात चालू असोत, जयारोग्य रुग्णालयात असोत की मुंबईच्या टाटामध्ये, या कागदावरचे दोन आकडे प्रत्येक वेळी पाहायचे.

पहिला प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा. निरोगी माणसात तो साधारण दीड ते साडेचार लाख असतो. एक लाखाच्या खाली गेला की नेहमीचा दाब बंद. पन्नास हजारांच्या खाली फक्त तेल पसरवण्याइतकाच हात, कारण एरवी जाणवणारही नाही अशा दाबाने काळेनिळे डाग उठतात आणि आत रक्तस्राव होऊ शकतो. वीस हजारांच्या खाली मालिश नाहीच. डॉक्टरांना विचारून नुसता हात हातात धरायचा. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांमध्ये हा आकडा झपाट्याने खाली जातो, तिथे तर दोनदा पाहा.

दुसरा पांढऱ्या पेशींचा, त्यातही जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिलचा. एकूण संख्येला न्यूट्रोफिलच्या टक्क्याने गुणून शंभराने भागायचं. एकूण २४०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के असतील तर उत्तर ९६०. हा आकडा हजाराच्या खाली असेल तर सर्दी-खोकला असलेल्याने जवळ जायचं नाही, आणि जो जाईल त्याने साबणाने हात धुऊन, मास्क लावूनच जायचं. पाचशेच्या खाली डॉक्टरांची परवानगी हवी. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत या पेशी सगळ्यांत कमी असतात, म्हणून रिपोर्ट जुना असेल तर दिवस मोजा. अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि रुग्णालयात फोन करा. केमो चालू असताना ताप ही तातडीची गोष्ट असते, सकाळपर्यंत थांबण्याची नाही.

मग फाइलमध्ये स्कॅनचा निष्कर्ष शोधा. कॅन्सर हाडांत गेला आहे का? पाठीचा कणा, फासळ्या, कमरेचं हाड, मांडीचं हाड या त्याच्या नेहमीच्या जागा. असं हाड आतून पोखरलेलं असतं. त्यावर अंगठ्याने दाबलं किंवा पाठीवर पाय देऊन ‘कडकड’ मोडलं तर ते मोडू शकतं, आणि कण्याचं हाड असेल तर पायांतली शक्ती जाऊ शकते. पहिलवानाकडून हाडं बसवून घेण्याला माझा ठाम विरोध आहे तो एवढ्यासाठी. कॅन्सर झालेल्या माणसाची नवीन पाठदुखी ‘लचक भरली’ असं समजून चोळायची नसते, ती डॉक्टरांना दाखवायची असते.

दुसरी पायरी: नकाशा काढा

एका कोऱ्या कागदावर माणसाची साधी आकृती काढा, पुढची आणि मागची. हात लावायचा नाही अशा जागा लाल पेनाने रंगवा. घरात मालिश करणारी माणसं बदलतात, आज सून, उद्या मुलीकडून आलेली नात. कागद असला की प्रत्येकीला सगळं नव्याने सांगावं लागत नाही.

काय रंगवायचं? गाठ किंवा गाठीची जागा. ताजी शस्त्रक्रिया, निदान सहा ते आठ आठवडे आणि सर्जन हो म्हणेपर्यंत. गळ्याखाली कातडीच्या आत बसवलेला केमोपोर्ट (औषध देण्याची डबी) किंवा दंडातून शिरेत घातलेली पिक लाइन (औषधाची नळी), आजूबाजूच्या भागासकट. पोटावर शौचाची किंवा लघवीची पिशवी असेल तर ती. शेक, म्हणजे रेडिएशन चालू असलेला भाग, पुढून आणि मागून दोन्हीकडून. शेकाच्या जागी कातडी भाजल्यासारखी होते आणि तेलाने शाईच्या खुणाही पुसल्या जातात, त्या खुणांवरच रोजचं मशीन लावलेलं असतं. शेक संपल्यावरही कातडी पूर्ण भरून येईपर्यंत थांबायचं.

वेदनेसाठी फेंटानिलची पट्टी लावलेली असेल तर तिच्यावर किंवा भोवती मालिश नको, गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको. उष्णतेने औषध अंगात जास्त वेगाने शिरतं आणि गुंगी, श्वास मंदावणं असे धोके उद्भवतात. ही गोष्ट फार कमी घरांत माहीत असते.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात, छातीची कड आणि पाठीचा वरचा भाग हा सगळा टापू रंगवा. इथे जोराचा दाब किंवा गरम पिशवीचा शेक दिला तर हाताला सूज येण्याचा धोका असतो, आणि तो उपचारांनंतर कितीतरी वर्षांनीही राहतो. सूज आलीच असेल तर लसिकेच्या (साठलेल्या लिम्फ द्रवाच्या) निचऱ्याची एक वेगळी, अत्यंत हलकी पद्धत आहे. ती ज्याला खास शिकवली आहे अशा फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या, पाहून पाहून करायची ती नाही. सुजेचा हात अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग, त्याच दिवशी डॉक्टर.

आपल्या भागात तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर फार. अशा रुग्णांची मान एका बाजूने उघडून गाठी काढलेल्या असतात, वर शेकही झालेला असतो. मानेचा पुढचा आणि बाजूचा भाग दाबायचा नाही. खांदा उतरतो, हात वर जात नाही, तोंड बोटभरही उघडत नाही, हे खरं. पण त्यावर उपाय फिजिओथेरपीचे व्यायाम, जबडा चोळणं नाही. या माणसांना पाय, पोटऱ्या, तळहात आणि पाठ यांवरच्या हलक्या हाताने पुष्कळ बरं वाटतं.

पोट सरसकट लाल. ‘धरण टळली’ (बेंबी सरकली) म्हणून पोट चोळून घेणाऱ्यांची इथे कमी नाही. कॅन्सरच्या रुग्णाला ते करू नका. आत सुजलेलं यकृत असेल, पाणी साठलं असेल, टाके असतील. मॉर्फिनसारख्या औषधाने होणारी बद्धकोष्ठता पोट रगडून जात नाही, तिचं औषध लिहून दिलेलं असतं, ते रोज घ्यायचं असतं.

पायांचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे पाय चेपणं हीच सगळ्यांत सहज होणारी सेवा आहे. कॅन्सरमध्ये शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यात पंजाब मेलने मुंबईहून रात्रभर बसून-झोपून यायचं, हालचाल नाही, पाणी कमी. आल्या आल्या ‘पाय सुजलेत, चेपून देते’ असं कुणी म्हणालं तर आधी दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी पाहा. एकच पाय सुजला असेल, एक पोटरी दुखत असेल, गरम किंवा लालसर असेल, तर त्याला हातही लावू नका. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. न चोळता थेट रुग्णालय गाठा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक क्षणही घालवू नका.

तिसरी पायरी: तेल, खोली, स्वतःचे हात

आपल्या शेजारी मुरैना, भिंड, म्हणजे मोहरीचा मुलूख. हिवाळ्यात घराघरांत मोहरीचंच तेल तापतं, त्यात लसूण-ओवाही पडतो. केमो किंवा शेक झालेल्या कातडीला ते झोंबतं, आणि त्याच्या वासाने मळमळ वाढते. साधं खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या, बिनवासाचं. बाम, वेदनाशामक मलम, कापूर काही नको. डिसेंबर-जानेवारीत खोबरेल गोठतं, तेव्हा वाटी कोमट पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नाही. तेल आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. कोमटही जेमतेम वाटायला हवं. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टीन अशा औषधांनी हातापायांच्या मज्जातंतूंची जाण कमी होते, तळपायाला चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर उलटं, गार स्पर्शाने झिणझिण्या आणि कळा येतात. म्हणून आपले हात ऊन करूनच लावायचे. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळवे लाल, हुळहुळे झाले असतील तर तिथे घर्षण नको, डॉक्टरांनी दिलेलं क्रीम अलगद लावून सोडून द्या.

खोली ऊबदार हवी, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. हीटर असेल तर रुग्णाच्या पायांपासून लांब.

नखं कापलेली असू द्या. अंगठ्या, घड्याळ, काचेच्या बांगड्या काढा, नाहीतर दंडावर सरकवून पक्क्या करा. केमोनंतरचे पहिले दोन-तीन दिवस औषधाचे अंश लघवी, उलटी आणि घामातून बाहेर पडतात. या दिवसांत हातमोजे घाला. गरोदर बाईने हे काम दुसऱ्याला द्यावं.

चौथी पायरी: विचारणं आणि बसवणं

“आई, पायाला थोडं तेल लावू का?” असं विचारा आणि उत्तराची वाट पाहा. “नको” म्हणाल्या तर नको. आजारात अंगावर सुया, नळ्या, तपासण्या यांचा सतत मारा होतो; एखाद्या स्पर्शाला नाही म्हणता येणं हाही आराम असतो. सासऱ्यांना सुनेने अंगाला तेल लावणं दोघांना अवघड वाटत असेल तर तळहात आणि पावलं पुरेत, किंवा मुलाने, नातवाने करावं. पुरुषांनी हे काम शिकावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे शुश्रूषेचं सगळं ओझं एकाच बाईवर येऊन पडतं आणि ती थकते.

पालथं झोपवणं बहुतेकांना जमत नाही. कुशीवर झोपवा, एक उशी डोक्याखाली, एक पोटाशी कवटाळायला, एक गुडघ्यांच्या मध्ये. धाप लागत असेल तर मागे उशा रचून बसतं करा. पाठीसाठी आणखी सोपं म्हणजे खुर्चीवर बसवून समोरच्या टेबलावर उशी ठेवून त्यावर डोकं टेकवायला सांगणं. जेवल्यावर लगेच नको, आणि वेदनेचं औषध घेऊन अर्धा-पाऊण तास झाला असेल तर उत्तम.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष हात

पहिल्या दिवशी फक्त पावलं किंवा फक्त तळहात, दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी कसं वाटलं ते पाहून मगच वाढवा, आणि उपचार चालू असेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटांच्या वर जाऊ नका.

दाब किती, हे शब्दांत सांगणं अवघड, म्हणून एक खूण: आपल्या हातापुढे रुग्णाच्या कातडीला सुरकुती पडता कामा नये. गालाला क्रीम लावताना जेवढा हात लागतो तेवढाच. बोटांची टोकं आणि अंगठा वापरायचा नाही, पूर्ण तळवा टेकवायचा, म्हणजे दाब आपोआप पसरतो. आणि वेग निम्मा करा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत हात न्यायला एक संथ श्वास लागला पाहिजे.

पावलांपासून सुरुवात करा. दोन्ही हातांनी पाऊल धरा आणि काही न करता तसंच थांबा, चार-पाच श्वास. मग तळव्यावर तेल पसरवा, टाचेकडून बोटांकडे आणि परत. बोटं ओढायची नाहीत, मोडायची नाहीत. घोट्याभोवती तळव्याने गोल. पोटरीवर फक्त खालून वर, हृदयाच्या दिशेने, आणि पिळायचं नाही. हातांचंही तसंच: त्याचा तळहात आपल्या तळहातावर घ्या, दुसऱ्या हाताने मनगटाकडे सावकाश पुसत जा. सुई टोचून काळ्या पडलेल्या शिरांच्या जागा सोडा.

पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवा, कण्यावर नाही. खालून खांद्यांपर्यंत वर, मग बाजूने खाली. हाडात कॅन्सर असेल तर पाठीवर हात फिरवणंही टाळा, खांद्यावर नुसता हात ठेवा.

डोक्याला तेल थापायची सवय असते. केमो सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस गळतात तेव्हा टाळू हुळहुळी होते, केसांच्या मुळाशी दुखतं. तेव्हा थापणं नाही, चोळणं नाही. दोन्ही तळव्यांत डोकं धरून राहा, कपाळावरून कानशिलांकडे हात न्या. ज्या बाईचे केस नुकतेच गेलेत तिला हा स्पर्श फार जवळचा वाटतो, किंवा अगदी नकोसा वाटतो. आधी विचारा.

मधूनमधून “जास्त होतंय का?” असं विचारा. “बरं वाटतंय का?” असं विचारलं तर आपली माणसं भिडेखातर हो म्हणतात.

सहावी पायरी: नंतर

ही पायरी लोक विसरतात. तळपायाचं तेल कोरड्या टॉवेलने पूर्ण पुसून काढा, बोटांच्या बेचक्यांतलंही, आणि मोजे किंवा चपला घालूनच उतरू द्या. गुळगुळीत फरशीवर तेलकट पायाने घसरणं कॅन्सरच्या रुग्णाला फार महागात पडतं. उठल्यावर चक्कर येते, म्हणून आधी पलंगाच्या कडेला दोन-तीन मिनिटं बसवा. पाणी द्या.

दुसऱ्या दिवशी अंग पाहा: नवा डाग, सूज, जास्तीचा थकवा? असेल तर पुढच्या वेळी वेळ आणि हात दोन्ही कमी. वहीत तारीख, कुठे लावलं, आधी दुखणं दहापैकी किती होतं आणि नंतर किती, एवढं लिहून ठेवा.

दिवाळीच्या अभ्यंगाचं नेहमी विचारलं जातं. सणाला रुग्णाला वगळू नका. प्लेटलेट बऱ्या असतील तर हातापायांना खोबरेल, कोमट पाण्याने आंघोळ, ओवाळणं, सगळं करा. उटणं मात्र चोळू नका. खरखरीत पावडरीने कातडी सोलवटते आणि जंतूंना वाट मिळते.

बाहेरून मालिशवाली, स्पा किंवा पंचकर्म केंद्र घ्यायचं म्हणाल तर एकच कसोटी लावा: हात लावण्याआधी त्यांनी कोणता कॅन्सर, कोणते उपचार, प्लेटलेट किती, हाडांत आहे का, हे विचारलं का? न विचारता ‘सगळे विषारी घटक बाहेर काढतो’ म्हणत असतील तर परत फिरा. वाफ, गरम दगड, जोराचं मर्दन उपचारांच्या काळात नको.

आजार अखेरच्या टप्प्यात असेल तर हे सगळं आणखी कमी करत जा. पाठ नको, मालिशसाठी कूस बदलणं नको. जमेल त्या हाताला किंवा पावलाला हात लावून बसायचं. माणूस बोलत नसला तरी कपाळाला आठी पडली, हात मागे ओढला, श्वास अडखळला, तर ते ‘नको’ असं समजा.

पुढच्या ओपीडीला जाताना वहीच्या शेवटच्या पानावर हे प्रश्न लिहून न्या, कारण डॉक्टरांसमोर मिनिटं कमी असतात: यांच्या हाडांत कुठे आजार आहे का? सध्याच्या प्लेटलेटवर हलकी मालिश चालेल का? गुठळीचा धोका किती, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का? शेकाच्या जागी काय लावायचं आणि कधीपासून? सूज आली तर कुणाकडे पाठवाल? उत्तरं तिथेच लिहून घ्या आणि घरी आल्यावर त्या नकाशाच्या कागदावर लाल रंग कमी-जास्त करा.